चिंचोका, खडा, चिंचोका

रजियाबाईंना शाळेत बांगड्या आणायची खोड होती. हातात घालून नव्हे. हातात त्यांच्या घड्याळाशिवाय काही नसायचं, आणि जव्हारच्या बाजारपेठेत बापाचं बांगड्यांचं दुकान असताना पोरगी मोकळ्या मनगटाने हिंडते, यावर गल्लीतल्या बायकांचं बोलून संपलेलं होतं. बाई बांगड्या आणायच्या पिशवीतून. न खपलेला, रंग उडालेला, फॅशन गेलेला माल. वडील इदरीसभाई मणियार कुरकुरत, पण देत. पोशेऱ्याच्या पलीकडे डोंगराला चिकटलेल्या त्या पाड्यावर चारही इयत्तांची पोरं एकाच खोलीत बसायची आणि बाई त्यांना बांबूच्या काठीत बांगड्या ओवायला लावायच्या. एक लाल, दोन हिरव्या. पुन्हा एक लाल, दोन हिरव्या. मग काठी उंच धरून विचारायच्या, पुढे काय?

पुस्तकात याला आकृतिबंध म्हणतात. ज्यांच्या घरी मराठीसुद्धा पाहुण्यासारखी येते त्या पोरांसाठी हा शब्द कोणी काढला देव जाणे. बाईंनी तो एकदा फळ्यावर लिहिला, पोरांचे चेहरे बघितले आणि पुसून टाकला. शिकवायचं ते मात्र कसून शिकवलं. पुढे काय येणार ते कोणीही सांगेल, त्या म्हणायच्या, पण तेच का येणार ते सांगा. त्याला नियम म्हणायचं. एकदा का नियम शब्दांत सांगता आला, की काठी बघायचीसुद्धा गरज नाही, शंभरावी बांगडी कोणती ते घरी झोपून सांगता येतं. पोरांना हे फार आवडायचं, विशेषतः झोपून सांगण्याचं.

या सगळ्यांत हिरी वेगळी होती. सुकऱ्या आणि धोंडीबाईची मुलगी, चौथीत. घराला जमिनीचा तुकडा नाही आणि कधी नव्हता. दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलायचं आणि भिवंडीकडे नाहीतर वसईकडे वीटभट्टीवर जायचं, पावसाच्या तोंडाला परतायचं, मग दुसऱ्यांच्या शेतात भाताची लावणी करायची, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. त्या वर्षी जवळच रोजगार हमीचा रस्ता निघाला म्हणून भट्टी टळली आणि हिरीला चौथीचं वर्ष सलग मिळालं. सलग म्हणजे कडेवर पुतळीला घेऊन. पुतळी ही तिची धाकटी बहीण, थंडीत जन्मलेली, अजून अंगावर पिणारी. आई रस्त्यावर खडीच्या पाट्या उचलायची आणि दुपारी पाजायची वेळ सोडली तर पोर दिवसभर हिरीकडे. वर्गात आणखी दोघीतिघी अशाच भावंडांसकट यायच्या. बाईंनी कधी हरकत घेतली नाही. घेतली असती तर मुलींच्या बाजूला नुसती सतरंजी उरली असती.

हिरी पोर मांडीवर थोपटत बसायची, अर्धं लक्ष इकडे अर्धं तिकडे, आणि तरी बाईंना पकडायची. एकदा बाईंनी मुद्दाम मध्येच एक चुकीची बांगडी ओवली आणि काठी वर्गात फिरवली. सगळ्यांच्या हातून ती गेली. हिरीने हातसुद्धा लावला नाही, लांबूनच म्हणाली की इथं बाई चुकल्या, नाहीतर त्यांनी मुद्दाम केलंय. बाईंना त्या दिवशी भाकरी गोड लागली.

चौथीनंतर पाड्यावर शाळा नव्हती. पाचवीला आश्रमशाळेत जायचं, तिथेच राहायचं. मुलगे जायचे आणि त्यातले अर्धे पळून यायचे. मुलगी अजून एकही गेली नव्हती. नोकरीला लागल्यापासून रजियाबाई हेच बघत आल्या होत्या. जिवाचं रान करून मुलींना चौथीपर्यंत आणायचं आणि मग भट्टीवर किंवा बोहल्यावर चढताना बघायचं. त्यांना त्याचा अगदी वीट आला होता. हिरी जाणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. हिरीला विचारायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मास्तर लोकांचं असंच असतं, दुसऱ्याचं आयुष्य ठरवताना त्यांना फार उत्साह येतो.

शिमगा झाल्यावर एके दिवशी बाईंनी चिंचोके आणि खडे वाटले आणि सांगितलं, आज तुम्हीच मांडा. पुस्तकातलं नको, बांगड्यांचं नको, आपल्या घरातलं, गावातलं काहीतरी मांडा, जे पुन्हा पुन्हा तसंच येतं. सखा नावाच्या तिसरीतल्या पोराने एक चिंचोका आणि दोन खडे, एक चिंचोका आणि दोन खडे अशी लांबलचक रांग मांडली. ही पाड्याची एस्टी, तो म्हणाला. एक दिवस येते, दोन दिवस येत नाही. नियम काय, असं बाईंनी विचारल्यावर वर्गात भांडण जुंपलं. कोणी म्हणालं डायवरच्या मनावर, कोणी म्हणालं घाटावर. पोरं हसली, बाईही हसल्या आणि पुढे सरकल्या.

हिरीने चिंचोका मांडला होता, मग खडा, मग चिंचोका, मग खडा, मग चिंचोका. पुढची जागा मोकळी होती. साधीच रांग होती आणि हिरीने इतकं साधं मांडावं याचं बाईंना नवल वाटलं.

पुढे काय, त्यांनी विचारलं.

खडा, असं हिरी म्हणाली, पण ती काही खडा ठेवेना. तो तिच्या मुठीत होता. बाईंनी ठेव म्हटलं तर तिने मूठ पाठीमागे नेली. मग बाईंनी हे काय मांडलंय ते विचारलं आणि हिरीने बोट ठेवत ठेवत सांगितलं. हा पहिला चिंचोका म्हणजे कमू, थोरली बहीण, गेल्या वर्षी लग्न होऊन खाली सासरी गेलेली. हा खडा म्हणजे भाऊ, गेलेला. हा चिंचोका मी. हा खडा बहीण, गेलेली. हा चिंचोका मंगेश. आणि इथे पुतळी.

पुतळी तिच्या मांडीवरून त्या मोकळ्या जागेकडेच हात टाकत होती. बाईंनी रांग हाताने विस्कटून टाकली. आपण काय केलं ते त्यांना मागाहून कळलं, कारण पोराने मांडलेलं काही त्यांनी आजवर पुसलं नव्हतं. माणसांचा असा नियम नसतो, त्या जरा जोरातच म्हणाल्या. त्यावर हिरीने विचारलं की मग एस्टीचा असतो का, आणि बाईंनी घंटा वाजवायला सांगितली.

खरा घोळ मे महिन्यात झाला. बाईंनी आश्रमशाळेत नाव घातलं. सुकऱ्याने नाही म्हटलं नाही. तिकडे पोरीला दोन वेळचं मिळतंय, इकडे एक तोंड कमी होतंय, एवढा हिशेब त्याला पुरला. नाही म्हणाली ती हिरी. बाईंनी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. ती रडत नव्हती की हट्ट करत नव्हती, एखादं उदाहरण समजावून द्यावं तसं तिने सांगितलं, "मी पुतळीला खाली ठेवली का खडा येल. मी ठेवत नाय म्हणून आला नाय अजून."

आता बाईंपुढे काम सोपं होतं, निदान त्यांना तसं वाटलं. पोरीच्या डोक्यातून हे खूळ काढायचं. आपणच शिकवलेल्या गणिताने काढायचं. नियम नसेल तर ती नुसती रांग, योगायोग. पाच पोरांची गोष्ट नीट समजून घेतली की कोणी तापाने गेलं असेल, कोणी साप चावून, आणि त्यात एकसारखं काही नाही हे हिरीला दाखवून देता येईल. म्हणून एका दुपारी त्या धोंडीबाईच्या दारात जाऊन बसल्या. धोंडीबाई कामावरून आलेली, पोराला पाजत होती. तिने बाईंना बसायला पाट दिला आणि कोरा चहा ठेवला.

त्या लोकांत साल कोणी सांगत नाही, भट्टी सांगतात. खाडीवरच्या भट्टीचं वर्ष, शेठच्या भावाच्या भट्टीचं वर्ष, पाणी लांब होतं त्या भट्टीचं वर्ष. धोंडीबाईने तशीच पोरं सांगितली, भट्टीमागून भट्टी, आवाज न चढवता. कमू झाली तेव्हा सासू होती. सासू थकलेली, थापायला बसायची नाही, झोपडीत पोर सांभाळायची. दुसरा झाला तोवर सासू वारली होती. त्याला झोळीत टाकून धोंडीबाई विटा थापायची, आणि एक दिवस झोळीजवळ गेली तर पोर गरम होतं, चार दिवसांत गेलं. हिरीच्या वेळी कमू जरा मोठी झाली होती. पाणी पाजायची, माश्या वारायची, ओरडून आईला बोलवायची. हिरीला कमूनेच वाढवली म्हण ना, धोंडीबाई म्हणाली.

आणि हिरीच्या पाठची ती मुलगी, बाईंनी विचारलं.

"तवा कमू शाळंत व्हती," धोंडीबाई म्हणाली. "तवाचे गुरुजी लय चांगले. रोज दारात यायचे, पोरगी हुशार हाय, तिला भट्टीला नेऊ नको. मंग ठेवली तिला इथं, माझी नणंद कोंडी हाय तिच्याजवळ. आमी बारकीला घेऊन गेलो."

पुन्हा झोळी, पुन्हा ताप. मंगेशच्या वेळी मात्र कमूला शाळेतून काढून बरोबर नेलं, कोणीतरी हवं ना. मंगेश जगला. गुरुजींना वाईट वाटलं, मग त्यांची बदली झाली.

धोंडीबाईने हे सगळं वेगवेगळं सांगितलं होतं. एकात एक गुंतवायची तिला सवय नव्हती. ती सवय बाईंना होती, रोज काठी धरून तीच तर शिकवत होत्या. चहा हातात तसाच राहिला. त्या नियम नाही हे सिद्ध करायला आल्या होत्या आणि त्यांना नियम सापडला होता. एका वाक्यात सांगता येणारा, दुसरीतल्या पोरालाही कळेल असा. घरात कडेवर घ्यायला एखादी बाई किंवा पोरगी रिकामी असेल तर मूल जगतं. ती पोरगी शाळेत गेली तर मरतं.

उतरताना त्यांनी स्वतःशीच वाद घातला. पाच मुलं म्हणजे काही नियम नव्हे. शेजारच्या घरात बघितलं पाहिजे, पलीकडच्या पाड्यावर बघितलं पाहिजे. मग त्यांना शेजारचं घर आठवलं, पलीकडचा पाडाही आठवला, आणि कोणत्या मुली चौथीपर्यंत टिकल्या आणि कोणत्या मधूनच नाहीशा झाल्या तेही आठवायला लागलं. त्यांनी विचार करायचं थांबवलं. रात्री जेवताना त्यांनी इदरीसभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं की ती मुलगी गेली तर बाळाला घेणार कोण. बाई वडिलांवर चिडल्या आणि ताटावरून उठल्या.

चिडलेल्या माणसाला उपाय लवकर सुचतो. सकाळी पोशेऱ्याच्या एस्टीत बसेपर्यंत त्यांचं ठरलं होतं. घेणारं कोणी हवं ना, मग मी घेईन. मंगेश यंदा पहिलीत येणारच आहे, तो येताना पुतळीला आणेल आणि शाळा सुटेपर्यंत ती माझ्याकडे. एवढं करून एक मुलगी पाचवीला जात असेल तर स्वस्तात गेली. उपाय खरंच वाईट नव्हता. मात्र हिरीला तो सांगताना बाईंनी एक गोष्ट चोरली.

हिरीने विचारलं होतं, "नियम सापडला का, बाई?"

"नियम नाहीच," बाई म्हणाल्या. "मी सगळं विचारून आले. नुसता योगायोग आहे."

बाईंनी हिरीला आजवर चुकीचं उत्तर बरोबर म्हणून दिलं नव्हतं, की बरोबर असलेलं खोडलं नव्हतं. तिने विश्वास ठेवला. पावसाळा लागल्यावर सुकऱ्या तिला पत्र्याची पेटी घेऊन आश्रमशाळेत सोडून आला. पाड्यावरून पाचवीला गेलेली ती पहिली मुलगी. बाईंनी शाळेत पोरांना गूळ वाटला, आणि त्या दिवशी त्यांना खरोखर आनंद झाला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पुढचे दिवस बरे गेले. मंगेश धाकटीला कडेवर नाहीतर खांद्यावर टाकून आणायचा, बाई तिला घ्यायच्या आणि एका हाताने फळ्यावर लिहायच्या. दुपारी धोंडीबाई शेतातून पाजायला यायची, कधी उशीर झाला तर बाई घरून आणलेलं दूध चमच्याने पाजायच्या. पुतळी बांगड्यांची काठी चोखायची. ओली झालेली बांगडी कोणती हे ओळखायचा पोरांनी खेळ केला होता. बाईंच्या साडीला कायम वास यायचा, एस्टीत बायका सरकून बसायच्या. लग्नाआधीच पोर मिळालं म्हणून कंडक्टर चेष्टा करायचा आणि बाईही त्याला सुनवायच्या. पुतळीचे गाल जरा वर आले. बाईंनी हिरीला निरोप धाडला की पुतळी बसायला लागली.

अशात केंद्रप्रमुख शाळा बघायला आले. छत्री झटकत आत शिरले तर समोर कडेवर पोर घेतलेल्या बाई आणि त्यांच्यापुढे काठ्या घेऊन वाद घालणारी पोरं. त्यांना वाटलं होतं की आपण कानउघाडणी करू, पण वर्ग बघून ते खूश झाले. पहिलीतलं पोरसुद्धा नियम काय म्हणून विचारतंय, हे त्यांनी दुसरीकडे पाहिलं नव्हतं. तालुक्याच्या शिक्षकांचं मोखाड्याला आठवडाभराचं प्रशिक्षण होतं, त्यात आकृतिबंधाचा तास मणियारबाईंनीच घ्यायचा असं त्यांनी ठरवून टाकलं. पाड्यावर तेवढ्यापुरते दुसरे गुरुजी येतील.

बाईंनी आढेवेढे घेतले. पोराचं कारण सांगितलं तेव्हा साहेब हसले, त्यांना ती गंमत वाटली. पण सगळा दोष साहेबांवर टाकून चालणार नाही. साठ-सत्तर मास्तरांपुढे उभं राहायचं, ज्या बांगड्यांना बाकीचे मास्तर हसायचे त्याच बांगड्या काढून दाखवायच्या, हे बाईंना हवं होतं. पाच वर्षं कोणी विचारलं नव्हतं. आता विचारलं तर माणूस हुरळून जाणारच. नियम त्यांना ठाऊक होता. एक आठवडा, त्यांनी मनाशी म्हटलं, तेवढ्याने काय होतंय.

तरी जाण्याआधी त्यांनी व्यवस्था केली. सुकऱ्याची विधवा बहीण कोंडी घरीच असायची, डोळ्यांनी अधू. तिने दिवसा पुतळीला घ्यायचं कबूल केलं. दुधाची पावडर बाईंनी तिच्या हातात दिली, पाणी उकळून घे म्हणून तीनतीनदा सांगितलं.

मोखाड्याचा तास रंगला. मास्तर मंडळी आधी जांभया देत होती, मग काठ्यांवरून भांडायला लागली. सगळ्यांना पटलं की पुढे काय येणार हे सांगणं वेगळं आणि का येणार ते सांगणं वेगळं. शेवटच्या दिवशी बाईंना नारळ दिला, टाळ्या झाल्या.

त्याच आठवड्यात पाड्यावर उघडीप संपून पाऊस लागला. अडलेली लावणी एकदम निघाली आणि शेतमालकांनी मिळेल तो हात बोलावला. कोंडीच्या डोळ्यांना दिसत नव्हतं, पण रोपं खोचायला डोळे कशाला लागतात. तीही गेली. दुसऱ्या गुरुजींनी तान्हं पोर वर्गात घ्यायला नकार दिला, आणि त्यांचंही काय चुकलं, ते काही त्यासाठी आले नव्हते. धोंडीबाईने पुतळीला शेतावर नेलं, बांधावर पानांच्या इरल्याखाली ठेवलं. पाऊस आडवा येत होता. तिसऱ्या दिवशी पोराची छाती वाजायला लागली, चौथ्या दिवशी ते दूध ओढेना. सुकऱ्या त्याला खांद्यावर घेऊन सडकेकडे निघाला आणि निम्म्या वाटेवरून परत आला.

बाईंना हे सोमवारी शाळेत कळलं. मंगेश एकटाच आला होता. त्याच्या दोन्ही हातांत काही नव्हतं आणि त्या हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. पुतळी कुठे, असं विचारल्यावर तो म्हणाला की पुतळी नाही आता, आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. बाईंनी हजेरी घेतली. अर्धी नावं घेतल्यावर त्यांना पुढचं वाचता येईना, आणि पोरं बघत असताना त्या तोंडाला पदर लावून रडल्या.

हिरीला आणलं होतं. बाई संध्याकाळी वर गेल्या तेव्हा धोंडीबाई कामावरून आलेली नव्हती. लावणी थांबत नाही. हिरी ओट्यावर सुपात नागली पाखडत होती. तिची पेटी दाराआड ठेवलेली होती, म्हणजे बरोबर आणलेली. बाई चढताना काय बोलायचं ते जुळवत आल्या होत्या. त्या ओट्याच्या कडेला बसल्या.

हिरीने सूप खाली ठेवलं.

"बाई, नियम हाय," ती म्हणाली. "तुमाला सापडला नव्हता. मला आश्रमशाळंत सापडला, रात्री झोप नाय यायची तवा."

हिरी बोटांवर मोजायला लागली.

"कमू जगली तवा आजी व्हती. मी जगले तवा कमू व्हती. मंगेशच्या टायमाला पण कमूच. मंग पुतळीला मी, मंग तुमी. घरात घेणारं माणूस रिकामं आसलं का पोर राहतं. ते शाळंत गेलं, कामाला गेलं, का मंग पोर जातं." तिने कुठेही न अडखळता सांगितलं, वर्गात उभं राहून सांगायची तसं. बोलण्यात राग नव्हता. बाईंना राग चालला असता. हिरीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "बरोबर हाय ना?"

एकदा नाही म्हणून झालं होतं. आताही म्हणता आलं असतं, आणि कदाचित पोर पेटी उचलून परत गेलीही असती. दिवाळीनंतर बिऱ्हाड भट्टीला जाणार, सालभरात आणखी एक पोर होणार, आणि हिरी तिकडे पाचवीचं गणित शिकत असणार. हे सगळं बाईंच्या डोळ्यांपुढे आलं. इतकं नेटकं, इतकं खरं उत्तर त्यांच्या कोणत्याही विद्यार्थ्याने आजवर दिलं नव्हतं.

"बरोबर आहे," रजियाबाई म्हणाल्या.

हिरीने मान हलवली. मग आपण आता तिकडे जाणार नाही, एवढं तिने सांगितलं, त्यात विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. सूप पुन्हा मांडीवर घेतलं. बाई उठल्या, पायरी उतरल्या, तेव्हा तिने मागून हाक मारून सांगितलं की मंगेशला मी रोज शाळेत पाठवीन, त्याची काळजी करू नका.